पोत्यातली सुकट

भागीनं मूठ माझ्या नाकाशी आणली आणि म्हणाली, "वास घे."

गुरुवार होता, सडवलीचा आठवडी बाजार. शिमगा होऊन आठ दिवस झालेले. उन्हानं डोकं तापलं होतं आणि माझ्या पाटीत धड विकण्यासारखं काही नव्हतं. सात-आठ खारे बांगडे आणि मागच्या महिन्यातले थोडे सुके बोंबील. बाया पाटीत डोकावायच्या, "सुकट?" म्हणून विचारायच्या आणि मी मान हलवली की पुढं जायच्या. सहा गुरुवार हेच चाललं होतं.

"घे की वास," भागी पुन्हा म्हणाली.

तिनं बोटं उघडली. तळहातावर तपकिरी भरड होती. मक्याच्या कण्या, कसलातरी कोंडा आणि त्यात गुलाबीसर चुरा. मी वाकले. वास आला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. जन्म ज्या वासात गेला तो कसा चुकेल? पण त्याच्या मागून दुसराही एक वास येत होता, गोळ्यांची बाटली उघडली की येतो तसा.

"जवळा हाय यात," मी म्हटलं.

"जवळा म्हंजे सुकटच ना?"

"ओला तो जवळा, वाळवला की सुकट. पण ही नुसती नाय, कायतरी घातलंय यात. कुठनं आणलंस?"

तिनं मूठ मिटली. "म्हंजे मी खोटं नाय बोलले," ती म्हणाली.

"काय खोटं?"

"डाक्टरनं विचारलं, पोरीला काय खायला घातलंस. मी म्हटलं, सुकट. तो म्हणाला, सुकटीनं असं होत नाय, खरं सांग. मी म्हटलं, सुकटच."

भागी हिलम माझी सात-आठ वर्षांची गिऱ्हाईक. सडवलीच्या वर डोंगराच्या कुशीत कातकरवाडी आहे, तिथून उतरून यायची. आमच्या तांबळबंदरातून मी पाटी घेऊन एसटीनं अडीच तासांवर सडवलीला जायची आणि ती दर गुरुवारी माझ्याकडून सुकट न्यायची. घरच्या नाचणीची भाकरी, सुकटीची चटणी, रानातला टाकळा नाहीतर शेवग्याचा पाला, एवढ्यावर तिची तीन पोरं वाढली. काटक, चकचकीत पोरं. त्यांच्या अंगणवाडीची बाई बाजारात भेटली की म्हणायची, द्वारकाताई, माझं निम्मं काम तुमची पाटी करते. चौथी रंजी, तीन वर्षांची. थंडीत आजारी पडली आणि मग अंगच धरेना. केस भुरे झालेले. बाईनं भागीला बजावलं होतं, हिला रोज सुकट घाल, थोडी का होईना, पण रोज.

आणि नेमकी तेव्हापासून माझ्या पाटीत सुकट नव्हती.

"कुठनं आणलंस हे, भागी?"

"पोल्ट्रीतनं. कामाला जाते ना मी. कोंबड्यांचं खाणं हाय. पोत्यात येतं. पोतं फोडलं की सगळ्या शेडमध्ये तुझ्या पाटीचा वास सुटतो." तिनं कासोट्यावर हात ठेवला. "रोज एक मूठ कासोट्यात बांधून न्यायची. चाळायची, मिरची घालून वाटायची. पोरगी खायची आवडीनं. आठ दिवस खाल्लं. मग उलट्या आणि जुलाब. दोन दिवस सलाइन लावलं."

मी तिच्यावरच ओरडले. भर बाजारात. "तुला अक्कल हाय काय? कोंबड्यांचं खाणं पोरीला घातलंस? त्यात औषधं असतात! मारायचीय काय पोरगी?"

आजूबाजूच्या बाया बघायला लागल्या. भागी हलली नाही. तिनं मूठ पदरात झटकली.

"तू आणली असतीस तर कशाला घातलं असतं?" ती म्हणाली.

मी पाटीतले बांगडे उगाच इकडचे तिकडे केले.

"त्या कोंबड्या चाळीस दिसांत एवढ्या होतात," तिनं दोन्ही हातांनी दाखवलं. "चालता येत नाय इतक्या जड. आमची रंजी तीन वरसांची झाली."

"कुठं जातात त्या कोंबड्या?"

"मुंबईला. आमाला पाय आणि कातडी भेटते."

मी पाटीतले सगळे बोंबील तिच्या पिशवीत घातले. ती नको म्हणाली नाही, बरंही वाटलेलं दिसलं नाही. मी म्हटलं, "आयतवारी दुपारी बंदरावर ये. होडी लागली की तुला पोतं भरून जवळा देते. तिथंच खळ्यावर वाळव, दोन दिवस माझ्या घरी राहा. पोरीला घेऊन ये."

"खरं?"

"ही द्वारका तांडेलीण सांगते. ये."

*

परतीच्या एसटीत माझे कान नुसते गरम झाले होते. कंडक्टर नेहमीसारखा पाटीच्या वासावरून बोलला. एरवी मी हसून सोडून देते. त्या दिवशी म्हटलं, "हाच वास पोत्यात भरला की टेम्पोला वाट देता ना? मग गप बसा." तो खुळ्यासारखा बघत राहिला. त्याला काय ठाऊक मी कशाबद्दल बोलतेय.

आमच्या बंदरात एक रीत होती. समुद्रात मासळी पुरुषांची, पण होडी धक्क्याला लागली की मासळी बायांची. काय ओलं विकायचं, काय वाळवायचं, काय घरात ठेवायचं, ते बाया ठरवणार. जवळा, मांदेली, ढोमी, असली बारीक मासळी सगळी खळ्यावर जायची. शेणानं सारवलेल्या खळ्यावर आम्ही ती पसरायचो, उन्हात पुन्हा पुन्हा हातानं फिरवायचो, कावळे हाकलायचो. ना बर्फ लागत होता, ना वीज. ऊन आणि बायांचे हात. तीच सुकट मग घाटापर्यंतच्या वाड्यांवर जायची, जिथं ओली मासळी कधी दिसत नाही आणि मटण वर्षातून दोनदा.

मग त्या वर्षी पौषात कारखाना आला. आमच्या गावात नाही, खाडीपलीकडं. कोंबड्यांच्या खाण्यात घालायला मासळीचं पीठ करणारा. त्याचा टेम्पो रोज धक्क्यावर उभा राहायला लागला. त्याला निवड नको, बर्फ नको, ताजं-शिळं नको. जाळ्यात येईल ते सगळं घाऊक. होड्या हाकणाऱ्या तांडेलांना असं गिऱ्हाईक जन्मात मिळालं नव्हतं. महिन्याभरात निम्म्या होड्यांनी जाळ्यांचा आस, म्हणजे भोकं, आणखी बारीक करून घेतला. खळी सुनी पडली.

आमचे हे, मोरेश्वर, ते त्यातलेच एक तांडेल.

मी घरी पोचले तेव्हा ते पडवीत जाळं शिवत बसले होते. माझी सासू भिंतीला टेकून पेज पीत होती. मी पाटी आदळली आणि भागीची सगळी गोष्ट सांगितली. सलाइनपर्यंत.

यांनी सुई खाली ठेवली नाही. "वाईट झालं," म्हणाले.

"वाईट झालं? तुमचा जवळा होता तो."

"माझ्या जवळ्यावर काय माझं नाव लिवलंय? दहा बंदरांचा माल जातो तिथं."

"दहा बंदरांत एक आपलं. आयतवारचे दहा टोपले मला पाहिजेत."

"द्वारके, तो सगळा माल उचलतो म्हणून उचलतो. तू खळ्यावर वाकून वाकून कंबर धरायचीस. माघात अवकाळी आला की सगळं कुजायचं, आणि तू रडायचीस. विसरलीस? आता गेले दोन महिने रात्री तेल चोळायला लागलं नाय तुला."

हे खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

"माझी कंबर मी बघीन," मी म्हटलं. "मला कोणी विचारलं का? एकदा तरी विचारलंत की द्वारके, उद्यापासनं तुझ्या पाटीत काय नसणार, चालेल काय?"

सासूनं पेजेची वाटी खाली ठेवली. ती फार बोलायची नाही. "मोऱ्या," ती म्हणाली, "होडी लागली की मासळी बायांची. तुझ्या बापानं कधी ह्याच्यावर तोंड उघडलं नाय."

यांनी बराच वेळ धागा ओढला, गाठ मारली. मग म्हणाले, "बरं. आयतवारी दहा टोपले बाजूला काढीन. पण एकदाच."

"एकदा काढा, मग बघू," मी म्हटलं. आणि मला वाटलं, झालं.

*

रविवारी तीनच्या सुमाराला होडी लागली. मी बारापासून धक्क्यावर होते. खळं सारवून ठेवलं होतं, दहा टोपले धुऊन ओळीनं मांडले होते. सासू सावलीला बसली होती. टेम्पो माझ्याही आधी येऊन उभा होता आणि कारखान्याचा सुपरवायझर फळीवर बसून शेंगदाणे खात होता. तिशीचा पोरगा, इस्त्रीचा शर्ट.

मासळी खूप आली होती. खलाशांनी ताडपत्रीवर ओतली तेव्हा ढीग माझ्या कमरेएवढा झाला. वर जवळा, गुलाबी, अजून उड्या मारणारा. पण त्यात मी हात घातला तर काय काय निघालं! रुपयाच्या नाण्याएवढी पापलेटं. बोटाएवढी सुरमई. घोळीची पिल्लं. आणखी दोन वर्षांनी ह्यातल्या एकेका माशानं एकेक घर जेवलं असतं. ती पीठ व्हायला निघाली होती.

"ही पिल्लं कशाला धरलीत?" मी यांना विचारलं.

"आली जाळ्यात," ते म्हणाले, आणि टोपल्यांकडं वळले. पहिला टोपला भरला, दुसरा भरला. तिसऱ्याला सुपरवायझर उठला.

"हे काय चाललंय, तांडेल?"

"घरी थोडा न्यायचाय."

"घरी दोन टोपले पुष्कळ झाले. दहा कोण खातं?"

"वाळवायला," मी म्हटलं. "माणसांना खायला."

त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही. यांनाच म्हणाला, "आपलं बोलणं काय ठरलंय? पूर्ण होडी. आज तुम्ही दहा काढणार, उद्या दुसरा वीस काढणार. मला वरून गाडी भरून मागतात. जमत नसेल तर सांगा, उद्यापासून तुमच्या होडीचा माल नको."

सगळे खलाशी यांच्याकडं बघत होते. बाजूच्या दोन होड्यांवरचे लोकही हात थांबवून उभे होते. मीही बघत होते. मला वाटलं, आता बोलतील. आता म्हणतील, माझ्या बायकोचा माल आहे, तिला विचार.

यांनी वाकून तिसरा टोपला उचलला आणि परत ढिगावर ओतला. मग दुसरा. मग पहिला.

माझ्याकडं न बघता म्हणाले, "पुढच्या खेपेला बघू."

मी ओरडले नाही. लोक सांगतात की मी ओरडले, शिव्या दिल्या, छाती बडवली. तसलं काही झालं नाही. मला एकदम सगळं स्पष्ट दिसायला लागलं होतं. होड्यांसाठी भरून आणलेले डिझेलचे कॅन धक्क्याच्या कडेला होते. मी त्यातला एक उचलला. अर्धा भरलेला होता, तरी जड. ढिगाजवळ नेईपर्यंत कोणाच्या लक्षातही आलं नाही, बाई कॅन सरकवतेय एवढंच वाटलं असेल. झाकण काढलं आणि ओतायला लागले. ढिगाच्या टोकापासून, गोल गोल फिरत, जसं नारळाच्या आळ्याला पाणी घालतात.

जवळा अजून जिवंत होता. डिझेल पडलं तसा तो तडतड उडाला आणि मग थांबला.

सुपरवायझर पहिला ओरडला. "अगं ए! वेडी का काय ही बाई? धरा तिला!" दोन खलाशी धावले, पण तांडेलाच्या बायकोला हात लावायचा कसा म्हणून मधेच थांबले. कॅन रिकामा झाल्यावर मी तो खाली ठेवला, त्याचं झाकण परत लावलं.

"ने आता," मी सुपरवायझरला म्हटलं. "भर गाडी. घाल कोंबड्यांना."

तो फोन करायला टेम्पोकडं पळाला. यांचा चेहरा पांढरा पडला होता. ते ढिगाशी आले, जवळा हातात घेतला, हुंगला आणि टाकून दिला. मला वाटलं, मारतील. जन्मात कधी मारलं नव्हतं, पण आज मारतील. ते ताडपत्रीच्या कडेला मटकन बसले.

"मला ओरडायचं होतंस," ते म्हणाले. "चार लोकांत माझी अब्रू काढायची होतीस. मासळीवर कशाला काढलास राग?"

मी म्हणणार होते की तुमच्यावर ओरडून काय उपयोग. तोंड उघडलं आणि समोर भागी दिसली.

*

एसटी थांब्यापासून चालत आली होती. कडेवर रंजी, डोक्यावर घडी केलेलं रिकामं पोतं. चेहरा घामानं चमकत होता आणि ती हसत होती. इतक्या वर्षांत तिला हसताना मी फार थोड्या वेळा पाहिलं होतं. एवढा मोठा ढीग तिनं जन्मात बघितला नसणार.

"बाय, आले गो मी," ती लांबूनच म्हणाली. "एवढा जवळा!"

मग जवळ आली आणि तिचं नाक हललं.

तिनं रंजीला खाली उतरवलं. पोरीचे पाय काटक्यांसारखे होते, ती आईच्या लुगड्याला धरून उभी राहिली. भागीनं ढिगाकडं बघितलं, रिकाम्या कॅनकडं बघितलं, माझ्या हातांकडं बघितलं. डिझेल कोपरापर्यंत होतं.

"कोणी केलं?"

"मी," मी म्हटलं. "त्यांना न्यायचा होता. तुला देत नव्हते. म्हणून..."

ते 'म्हणून' माझ्याच कानाला कसंतरी वाटलं.

ती खाली बसली आणि ढिगाच्या बुडाशी उकरायला लागली. दोन्ही हातांनी, कुदळीसारखं. वरचं बाजूला सारायची, आतलं बाहेर काढायची, हुंगायची. बुडाचा थोडा जवळा तिला बरा वाटला असावा. तिनं तो पोत्यावर टाकला. मीही तिच्याशेजारी बसले आणि उकरायला लागले. माझे हात डिझेलचे, मी ज्याला शिवेन ते नासत होतं, हेही मला सुचलं नाही. सासू उठून आली. मग हेही आले, समुद्राच्या पाण्यानं भरलेली बादली घेऊन, आणि भागीनं काढलेलं खळबळून द्यायला लागले. पाण्यावर इंद्रधनुष्याचे रंग तरंगायचे. ते पाणी ओतायचे, नवं आणायचे, पुन्हा तेच रंग.

शेवटी पोत्यावर दोनेक टोपले जवळा जमला. मी ओंजळीत घेऊन नाकाशी नेला. धुऊन धुऊनही वास होताच.

"भागी, हे नको नेऊ," मी म्हटलं. "पोरीला बाधेल. नुकती उठलीय ती."

"वाळल्यावर वास जाईल."

"नाय जायचा. डिझेल हाय ते."

"मिरची जास्त घालीन."

तिनं पोत्याची टोकं एकत्र केली. मी पोतं धरलं. ती ओढत होती, मी ओढत होते, आणि रंजी रडायला लागली. मग मी जोर केला आणि पोतं हिसकलं. सगळा जवळा धक्क्याच्या कडेवरून पाण्यात गेला.

भागी उभी राहिली. ती ओरडली तेव्हा अख्ख्या बंदराला ऐकू गेलं.

"कोंबड्यांचं खाऊ नको म्हणतेस! हे खाऊ नको म्हणतेस! मग खाऊ काय? सांग ना! तुमी एकमेकांवर रागवा, आनि आमी काय खायाचं?"

सुपरवायझर टेम्पोच्या दाराशी उभा राहून बघत होता. भागीनं पोरगी उचलली. पोतं तिथंच टाकून ती आल्या वाटेनं निघाली.

मी घराकडं धावले. पावसाळ्यासाठी म्हणून माळ्यावर पत्र्याच्या डब्यात मी घरची सुकट ठेवली होती, कारखाना यायच्या आधीची. डबा खाली ओढला, डोक्यावर घेतला आणि तशीच अनवाणी एसटी थांब्यावर पळत गेले. गाडी सुटली होती. वळणावरची धूळ अजून खाली बसायची होती.

*

मंगळवारी देवळात जमातीची बैठक बसली. दोन टन मासळी नासवली, अन्नाला विष लावलं, धंद्याला बट्टा लावला. म्हातारे म्हणाले, चुकले म्हण. मी उभी राहिले आणि म्हटलं, "चुकले. पण तुमच्याशी नाय." त्यांना तो माज वाटला. मला महिनाभर धक्क्यावर पाय ठेवायची बंदी झाली. हे खाली मान घालून बसले होते, त्यांनी विरोध केला नाही.

दुसऱ्या दिवशी मी घरात होते, म्हणून पुढचं मला सासूकडून कळलं. दुपारी टेम्पो येऊन लागला तेव्हा माझी सासू, पासष्ट वर्षांची बाई, धक्क्यावर गेली आणि डिझेलच्या एका कॅनवर जाऊन बसली. तिला कोणी विचारलं, आजी, इथं काय? ती म्हणाली, पाय दुखतात. थोड्या वेळानं शेजारच्या कॅनवर अनसूया बसली. मग कुसुम. होड्या लागेपर्यंत चौदा कॅनवर चौदा बाया बसल्या होत्या. हातात काही नाही, तोंडात शब्द नाही. सुपरवायझर एक फेरी मारून आला आणि टेम्पोत जाऊन बसला.

पहिली होडी यांचीच लागली. यांनी जवळ्याचा पहिला टोपला उचलला आणि आईच्या पायाशी नेऊन ठेवला. त्यानंतर ठरूनच गेलं, आधी खळं, मग टेम्पो. पहिले दहा टोपले बायांचे. कारखाना आणखी तीन वर्षं टिकला. मासळी विरळ झाली तसा तो दुसऱ्या बंदराकडं गेला.

आता ह्या गोष्टीला पंचवीस वर्षं झाली. बचत गटाच्या कार्यक्रमाला मला खुर्चीवर बसवतात, शाल देतात, आणि पोरी म्हणतात, काकी, डिझेलची गोष्ट सांगा. मी सांगते. कॅनपर्यंत सांगते, चौदा बायांची सांगते. टाळ्या पडतात. कातकरवाडीतून एक बाई पोतं घेऊन चालत आली होती, हे मी एकदाही सांगितलेलं नाही. लोकांना वाटतं, मी त्या दिवशी मासळी वाचवली. मी त्या दिवशी, ज्याच्यासाठी भांडत होते तोच घास माझ्या हातानं नासवला, आणि तो राग मी अजून कोणावर काढू शकलेले नाही.

बैठकीनंतरच्या गुरुवारी मी पाटीऐवजी तो पत्र्याचा डबा घेऊन कातकरवाडीवर चढून गेले होते. भागीच्या झोपडीला बाहेरून काठी लावलेली होती. शेजारीण म्हणाली, पोल्ट्रीतलं काम सुटलं, सगळी पनवेलकडं वीटभट्टीवर गेली. रंजी? घेऊन गेलेत. कशी होती? शेजारणीनं ओठ दुमडले. डबा मी अंगणवाडीच्या बाईकडं देऊन आले. सगळा पावसाळा माझ्या डोळ्यांसमोरून ती काटक्यांसारख्या पायांची पोर हलली नाही.

पावसात मोडलेला सडवलीचा बाजार दिवाळीनंतर पुन्हा भरायला लागला. दुसऱ्या का तिसऱ्या गुरुवारी भागी आली. माझ्या पाटीसमोर उभी राहिली. पाटी सुकटीनं भरलेली होती, वाळून खडखडीत. तिच्या मागं रंजी होती, आपल्या पायांवर. अंग अजून बारीकच होतं, पण केस काळे व्हायला लागले होते.

"सुकट कशी दिलीस?" तिनं विचारलं. परक्या बाईला विचारावं तसं.

मी भाव सांगितला. मग म्हटलं, "भागी, राहू दे गो. घेऊन जा. पाहिजे तेवढी ने." आणि दोन्ही हातांनी तिच्या पिशवीत भरायला लागले.

तिनं माझं मनगट धरलं. जोरात नाही, पण सोडलंही नाही.

"विकत घेतेय," ती म्हणाली. "माप नीट घाल. कमी नको, जास्तही नको."

मी पिशवीतली सुकट परत पाटीत ओतली, माप घेतलं, भरलं आणि वरची शीग तळहातानं सपाट केली.